वरचा घट

श्यामसुंदर घाडीगावकरांचं अक्षर बघितलं असतं ना, तर तुम्ही म्हणाला असता, अशा माणसाचं लग्न कसं काय झालं नाही? आणि मग स्वभाव बघितला असता, तर म्हणाला असता, नाही झालं ते बरंच झालं, कुणाची तरी पोर वाचली.

अक्षर असं, की भांडुपच्या ज्या शाळेत ते क्लार्क होते, तिथली पोरं वक्तृत्वाला नाव द्यायची ती बक्षिसासाठी नाही, प्रशस्तिपत्रकावर घाडीकाकांच्या हातचं आपलं नाव मिळावं म्हणून. आणि स्वभाव म्हणाल, तर दुसऱ्याची चूक दिसली की यांच्या हाताला खाज सुटायची. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत बोर्डावर पाण्याची नोटीस लागली की अर्ध्या तासात तिच्यावर लाल पेन फिरलेलं असायचं. सेक्रेटरीनं शेवटी नोटिसा काचेआड लावायला सुरुवात केली. तरुणपणी एकदा मुलगी बघायला गेले होते. मुलीच्या बाबांनी स्थळाची माहिती लिहिलेला कागद पुढे केला. यांनी तो तिथल्या तिथे तपासून परत दिला, चहा यायच्या आत! मग चहा आलाच नाही.

त्यानंतर बहिणींची लग्नं, वडिलांची बंद पडलेली गिरणी, आईचं आजारपण, असं करत करत माणूस साठीच्या पुढे गेला. आई गेली, बहिणी आपापल्या घरी, भाऊ कणकवलीला. त्याचा फोन गणपतीत यायचा आणि तोही नैवेद्याच्या घाईत. घरात सगळं एकेक. एक ताट, एक वाटी, एक तांब्या, एक उशी. पाहुणा आलाच तर त्याला चहा कपातून आणि स्वतः पाण्याच्या ग्लासातून. पाहुणा तरी कोण यायचा म्हणा. गॅसवाला काय कपभर चहाला थांबतो?

रिटायर झाल्यावर शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनीच त्यांना एक काम सुचवलं. ज्यांना दिसत नाही अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत लिहायला माणूस लागतो. विद्यार्थी सांगणार, माणूस लिहिणार. फॉर्मवर त्याला ‘लेखनिक’ म्हणतात, पण बोलताना सगळे म्हणतात रायटर. घाडीगावकरांना हा शब्द भारी आवडला. कुणी विचारलं, सध्या काय करता, की ऐटीत सांगायचे, “रायटर आहे.” समोरच्यानं पुढे विचारलं नाही तर खुलासा करायचे नाहीत, लबाड!

असंच एका रविवारी त्यांच्या दारात मनाली खरात उभी राहिली. छत्तीस-सदतीस वर्षांची, मालाडला एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर, घाटकोपरला भाऊ-वहिनीकडे राहणारी. हातात पांढरी काठी, पाठीला सॅक. नोकरी सांभाळून घरून एम.ए. करत होती. विषय, प्राचीन भारतातली कला आणि स्थापत्य.

“काका, शिक्षण किती तुमचं?” बसायच्या आत विचारलं तिनं.

“बी.कॉम.ला बसलो होतो.”

“उठलात कधी?”

“दुसऱ्या वर्षाला.”

“झकास. लेणी, देवळं, मूर्ती, यातलं काही येतं?”

“छे गो. गणपतीचं मखर करायचो, थर्माकोलचं. तेवढंच.”

“मग तुम्हीच पाहिजे मला. आमच्याकडे नियम आहे, रायटरला विषय यायला नको.”

जन्मात पहिल्यांदा घाडीगावकरांना काही येत नाही म्हणून कुणी निवडलं होतं. ते एवढे खूश झाले की कप तिला दिला आणि चहात साखर घालायलाच विसरले.

पण विषय येत नाही म्हणून काय झालं, शब्द तर लिहिता यायला हवेत ना! पेपरात ती धडाधड सांगणार, वेदिका, हर्मिका, गवाक्ष, स्तंभशीर्ष, आणि हे तिथे पेन वर धरून “काय म्हणालीस गो?” करत बसले तर तीन तास त्यातच जायचे. म्हणून ती दर रविवारी येऊ लागली. तिच्या घरी बसायची सोय नव्हती, भावाची दोन पोरं आणि टीव्ही. इथे कसं, पंखा सोडला तर बोलणारं कुणी नाही.

वॉचमननं वहीत नाव लिहून घेतलं, तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांनी खिडकीतून मनात लिहून घेतलं. “घाडीकाकांकडे दर रविवारी कोण येते हो?” एकीनं जिन्यात विचारलंच.

“विद्यार्थिनी.”

“शिकवता होय?”

“नाही, ती मला शिकवते.” म्हणजे बाईला अजूनच काहीतरी वाटलं.

शिकवायची मनालीची तऱ्हाच वेगळी. ती स्वतः सगळं हातानं शिकलेली, म्हणून यांनाही हातानंच शिकवायची. यांच्याच ओट्यावरची भांडी घेऊन. ताटात वाटी उपडी घातली. “हे अंड. स्तूपाचं पोट समजा.” वाटीवर काडेपेटी ठेवली. “ही हर्मिका.” काडेपेटीत उदबत्ती खोचली. “ही यष्टी, हिच्यावर छत्र्या.” घाडीगावकर डोळे मोठे करून बघत बसायचे आणि मग ते सगळं आपल्या त्या देखण्या अक्षरात लिहायचे. दुसऱ्या दिवशी आमटी ओतताना वाटीकडे बघून मनात म्हणायचे, अंड. एकटेच हसायचे. सोमवारी हसायला काहीतरी मिळतंय, हे त्यांना नवीनच होतं.

एकदा तिनं चैत्यगृहातला, म्हणजे आत स्तूप असलेल्या लेण्यातला, खांब रचायला घेतला. पोळपाट म्हणजे चौथरा, त्यावर तांब्या म्हणजे घट, तांब्यात लाटणं उभं, म्हणजे खांबाचा दंड.

“आता लाटण्याच्या वर अजून एक घट, पण उपडा. दुसरा तांब्या द्या.”

“दुसरा कुठनं आणू गो? एकट्या माणसाक एक तांब्यो पुरता.”

“मग मनात ठेवा एक उपडा, वर.”

नेमकी तेव्हाच बेल वाजली. इस्त्रीवाला. घाडीगावकर दार उघडायला गेले, शर्ट मोजून घेतले, एका शर्टाच्या कॉलरवरून त्याच्याशी हुज्जत घातली. परत येतात तर चहा उतू गेलेला. या सगळ्या गडबडीत मनात ठेवायचा तो तांब्या राहिला तो राहिलाच. डोळ्यांपुढे राहिलं ते पोळपाटावरचं, तांब्यातलं, वर बोडकं लाटणं.

हा विषय का घेतला, असं त्यांनी तिला एकदा विचारलं होतं. तिनं काठीची दोरी बोटाला गुंडाळत सांगितलं, “मी दहा वर्षांची होईपर्यंत दिसायचं ना मला. आजी आमची जालन्याकडची, बुद्धपौर्णिमेला आम्हाला कान्हेरीला घेऊन जायची, बोरिवलीला. तेव्हा मी ते सगळं बघितलंय. पण नावं नव्हती कशालाच. खांब म्हणजे खांब, खिडकी म्हणजे खिडकी. मग हळूहळू दिसायचं बंद झालं आणि डोक्यातलंही पुसट व्हायला लागलं. आता एकेका गोष्टीचं नाव मिळतं ना काका, तशी ती परत उभी राहते. नाव नसलं की आठवण धरायची तरी कुठे?”

घाडीगावकर यावर म्हणाले, “बिस्कीट घे.” पण त्या रात्री त्यांना बराच वेळ काही गोष्टी आठवत राहिल्या, ज्यांना त्यांनीही कधी नाव दिलं नव्हतं.

“पेपर झाले की आपण कान्हेरीला जाऊ,” मनालीनं सांगून टाकलं. “तुम्ही मला वरचं बघून सांगा, मी तुम्हाला खालचं चाचपून सांगते.”

एवढी वर्षं मुंबईत काढून हा माणूस कान्हेरीला गेला नव्हता. त्यांनी त्यासाठी कॅनव्हासचे बूट आणले. घरातल्या घरात घालून फिरले, पायाला बसावेत म्हणून. खरं सांगायचं तर घाडीगावकरांना ना स्तूपाचं पडलं होतं, ना चैत्याचं. त्यांना पडलं होतं रविवारचं. परीक्षा झाली की ही यायची बंद होईल, ही धास्ती होती. कान्हेरी म्हणजे आणखी एक रविवार. आणि पुढच्या सेमिस्टरलाही तिनं यांनाच रायटर ठेवलं, तर वर्षभराचे रविवार. एवढीच काय ती या माणसाची मागणी, आणि ती त्यांनी देवाकडेही मोठ्यानं केली नव्हती.

शेवटचा पेपर. बोलून लिहायचं, त्यामुळे या दोघांना वेगळी खोली. सुपरवायझरबाई कोपऱ्यात मोबाईलवर. मनाली खाली मान घालून, हलक्या आवाजात, न अडखळता सांगत होती आणि घाडीगावकरांचं पेन पळत होतं. असं पळत होतं, की त्यांना वाटायला लागलं, हे आपणच म्हणतोय. इथेच घात झाला.

चैत्यगृहातल्या खांबांचं वर्णन करा, असा प्रश्न होता. “तळाशी पायऱ्यांचा चौथरा,” ती सांगत होती, “त्यावर घट. घटातून दंड वर जातो. दंडाच्या माथ्यावर पुन्हा घट, उपडा. त्याच्यावर हत्ती आणि माणसं.”

घाडीगावकरांचं पेन थांबलं. माथ्यावर घट? त्यांना आपलं पोळपाट दिसलं, तांब्या दिसला, बोडकं लाटणं दिसलं. तांब्या तर खाली होता! दमली बिचारी, एकच गोष्ट दोनदा सांगतेय. हाताला तीच जुनी खाज सुटली. विचारायचं तर तिची लय तुटेल. त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, ‘दंडाच्या माथ्यावर हत्ती आणि माणसं.’ वरचा घट गाळून टाकला. आणि मग कसं मायेनं भरून आलं म्हणता! आईनं पोराचं नाक पुसावं तसं त्यांना वाटलं.

पेपर सुटल्यावर कॉलेजच्या बाहेर उसाच्या रसाच्या गाडीवर दोघं उभी राहिली. मनाली खुशीत होती. “काका, एकदम सुटला पेपर. खांबाचं तर मी डोळ्यांनी बघून सांगितलं.”

आता इथे शहाण्या माणसानं रस प्यावा की नाही? पण नाही.

“तिथे जरा घसरली होतीस तू,” घाडीगावकर मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले. “घट दोनदा सांगितलास. मी सावरून घेतलं.”

मनालीचा ग्लास ओठांपाशीच राहिला. “सावरून म्हणजे?”

“वरचा काढून टाकला.”

रसवाल्याचे घुंगरू वाजत होते. घाडीगावकरांना वाटलं, आभार कसे मानावेत हे सुचत नसेल.

“काका, वर घट असतो,” ती म्हणाली. “उपडा. मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“अगो पण आपण केला तेव्हा—”

“तेव्हा तुमच्याकडे दुसरा तांब्या नव्हता! तुमच्या घरात नाही म्हणून कान्हेरीत पण नाही काय?” आवाज चढला तसे आजूबाजूचे बघायला लागले. “मी आजीच्या कडेवरून बघितलाय तो. माझ्या डोक्याच्या अगदी वर होता. बघितलेल्या फार थोड्या गोष्टी आहेत हो माझ्याकडे.”

“चुकलं माझं. माका वाटलां—”

“आणि समजा, नसता तिथे घट. चुकले असते मी. तरी ती चूक माझी होती ना? ऑफिसात, घरात, रस्ता क्रॉस करताना, सगळे मला विचारल्याशिवाय सावरून घेत असतात. म्हटलं पेपरात तरी माझं माझं असेल.” तिनं चाचपत ग्लास गाडीवर ठेवला. “निघते मी.”

“सोडायला येतो, थांब.”

“जाता येतं मला.”

काठी टकटक करत ती गर्दीतून गेली. घाडीगावकर आपला ग्लास धरून तिथेच. रसवाला म्हणाला, “काका, ग्लास द्या,” तेव्हा भानावर आले.

पुढच्या रविवारी त्यांनी कप धुऊन ठेवला होता. त्याच्या पुढच्या रविवारीही. फोन लावला तर वाजून वाजून बंद व्हायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं जिन्यात विचारलं, “येत नाहीत वाटतं हल्ली विद्यार्थिनी?” घाडीगावकर म्हणाले, “परीक्षा संपली,” आणि अख्खा जिना चढेपर्यंत ते वाक्य त्यांच्या मागोमाग आलं. बोर्डावर पाण्याची नोटीस लागली होती, काचेचं दार चुकून उघडं राहिलं होतं, चूक चांगली ढळढळीत होती. पण त्यांनी पेन काढलं नाही.

मग एका मधल्याच वारी ते नवे बूट घालून कान्हेरीला गेले. एकटेच. पार्कातल्या बसमध्ये कॉलेजची पोरं एकमेकांचे फोटो काढत होती. एकानं यांनाच सांगितलं, “अंकल, एक ग्रुप फोटो काढा ना.” यांनी काढला. फोटोत जाऊन उभं राहायला यांना कुणी सांगितलं नाही, सांगणार तरी कोण.

मोठ्या चैत्यात आत काळोख होता आणि गारवा. डोळे सरावल्यावर त्यांनी मान वर केली. घट होता. उपडा, नीट, गरगरीत. त्याच्यावर हत्ती. शेजारच्या खांबावरही तसाच. पुढे पुढे मात्र साधेच खांब होते, कोरायचे राहून गेलेले. का राहिले कोण जाणे. त्या साध्या खांबांपाशी घाडीगावकर जरा जास्त वेळ थांबले. नंतर परत पहिल्या खांबापाशी आले आणि वर बघत हळूच म्हणाले, “आसा गो. वर आसा.” मनालीला ते सांगण्यात काही अर्थ नव्हता, तिला माहीतच होतं. चुकीची ठरली नव्हती ती. पण सांगायला दुसरं कुणी नव्हतं, आणि फोनला रेंज नव्हती. असती तरी लावला नसता.

निकाल लागल्यावर फोन तिचाच आला.

“काका, पास झाले.”

“वा गो! किती?”

“पुरेसे.”

“त्या खांबाचे—”

“ते नका विचारू.” मग ती भराभर बोलायला लागली, आधीच ठरवलं असल्यासारखी. “पुढच्या सेमला देवळं आहेत. रायटर मिळालीय मला. गंधाली म्हणून आहे, आमच्याच बिल्डिंगमधली, बारावीची. मी बोलते ते लिहिते, बाकी काही विचारत नाही.”

आणि अशा वेळी माणूस काय विचारतो बघा! “अक्षर कसं आहे तिचं?”

“मला काय दिसतंय? वहिनी म्हणते, भयाण आहे.”

तेवढंच जरा बरं वाटलं त्यांना.

“लिहायला तुम्ही नको, काका. राग म्हणून नाही सांगत. तुमचा हात थांबत नाही, आणि मला परत तसं नको.” ती म्हणाली. “पण वाचायला कुणीतरी लागतं. मोबाईल वाचून दाखवतो, तो मराठीची पार वाट लावतो. पुस्तक पाठवते. तुम्ही रेकॉर्ड करून पाठवाल?”

रेकॉर्ड करून. म्हणजे ती येणार नव्हती. घाडीगावकरांना विचारायचं होतं, रविवारचं काय? इथे येऊन ऐकलंस तर नाही चालणार? एवढं सगळं तोंडात आलं आणि त्यांनी विचारलं, “मोठ्यानं वाचू की हळू?”

“स्पष्ट. आणि काका, छापलंय तेच.”

“छापलंय तेच,” ते म्हणाले.

पुस्तक कुरिअरनं आलं. रविवारी सकाळी घाडीगावकरांनी खिडक्या लावून घेतल्या, पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद केला, आणि घामानं निथळत टेबलापाशी बसून मोबाईलला देवळं वाचून दाखवायला सुरुवात केली. गर्भगृह, अंतराळ, मंडप, शिखर. शिखराच्या माथ्यावर आमलक, आवळ्यासारखा पाकळ्या पाडलेला चपटा दगड. समोर हसणारं कुणी नाही, “म्हणजे काय” विचारावं तर कुणाला? तरी ते प्रत्येक शब्दानंतर जरा थांबायचे, सवयीनं.

मधेच एके ठिकाणी छापखान्यानं गोंधळ घातला होता. आमलकाची एक अख्खी ओळ दोनदा छापलेली. घाडीगावकरांचा हात पेनाकडे गेला. मग त्यांनी पेन उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं, परत येऊन बसले, आणि ती ओळ दोनदा वाचली.

पाठवलं. निळ्या खुणा झाल्या. दुपार गेली. संध्याकाळी तिचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला, मागे भावाच्या पोरांचा दंगा.

“काका, ती आमलकाची ओळ दोनदा का वाचलीत?”

त्यांनी बटण दाबलं. घसा खाकरला, मग ते खाकरणं पुसून परत पहिल्यापासून बोलले. “दोनदा छापलीय.”

ते फोन हातात धरून बसून राहिले. बाहेर जिन्यात कुणाकडे तरी पाहुणे आले होते, चपला काढत होते, मोठमोठ्यानं हसत होते. मग फोन थरथरला.

“बरं,” एवढंच होतं आधी. आणि लगेच दुसरा निरोप. “पुढचं पान पाठवा. आणि त्या मंडपाच्या पानावर तुम्ही खोकलात. ते परत वाचा.”

घाडीगावकर उठले. घोटभर पाणी प्यायले. परत खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, मंडपाचं पान काढलं आणि वाचायला लागले. या खेपेला मुद्दाम जरा सावकाश.